पांढरी भुवई

सोमवार ते शनिवार मी सांतिनेजच्या फार्मसीत
डॉक्टरांचं अक्षर लावते.
रविवारी सातच्या फेरीबोटीने रायबंदरहून चोडणला जाते
आणि तुतवारी लावते.
दोन्हीकडे त्रास एकच,
लिहिणाऱ्याला घाई असते.

सुकतीला मानशीखाली चिखल उघडा पडतो
खरवडलेल्या टोपासारखा.
तिथे त्या उतरतात, फार लांबून,
सगळ्या राखी-तपकिरी,
सगळ्या चोच खुपसण्यात गर्क.
खंड्याचं बरं असतं, तो स्वतःच पाटी लावून बसतो.
शेकाट्याच्या गुलाबी काटक्या शाळकरी पोरही ओळखेल.
पण ह्या!
पायांचा रंग बघावा, तर पायांना चिखल.
पाठ बघावी, तर ऊन पडलेलं.
चौदा फोटोंतल्या नऊंत नुसतं शेपूट,
चारांत खारफुटीची एक निष्पाप फांदी,
अत्यंत स्वच्छ, पान न् पान मोजावं अशी.

रुझार मानशीच्या फळ्या वर ओढतो.
"कितें सोदता गो, बाये?"
मी कॅमेऱ्याचा पडदा त्याच्यापुढे धरते.
तो ओल्या मनगटाने डोळे पुसतो, वाकतो.
"ही? शेंपडी हालयता ती."
पण नाव?
"नांव कित्याक जाय? येता आनी वता."
आणि पाणी आत घेतो.

गेल्या आठवड्यात जुनी हार्डडिस्क रिकामी करायला बसले
आणि अकरा वर्षांपूर्वीचा एक फोटो
उगाच मोठा केला, आणखी मोठा,
चौकोन चौकोन दिसायला लागेपर्यंत.
हिरव्या तुतवारीची भुवई डोळ्यापाशी संपते.
हिची संपत नव्हती.
डोळा ओलांडून मागे, आरामात, कानापर्यंत.
पाठीवर जिरं भुरभुरल्यासारखे ठिपके.
पाय पिवळे. अगदी उघड पिवळे.

म्हणजे ठिपक्यांची.
म्हणजे अकरा हिवाळे मी वहीत
निळ्या शाईने, तारीख-वेळ घालून, ठाम
चुकीचं नाव लिहीत होते,
आणि माझ्या वहीवरून आणखी तिघांनी उतरवलं होतं.

दुकानात असं झालं असतं तर?
एका अक्षराच्या फरकाची दोन औषधं
मी वेगवेगळ्या कपाटांत ठेवते,
रात्री कुलूप लावून परत येऊन बघते.
इथे मात्र कुणालाच काही झालं नाही.
ती त्याच चिखलात उतरत राहिली,
शेपूट हलवत, माझ्या चुकीच्या नावाने
जेवून, जाडजूड होऊन,
एप्रिलमध्ये वेळेवर निघून जात राहिली.

नोंद चुकली तर खोडरबर वापरायचं नाही,
आमच्याकडे नियमच आहे.
एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी,
बाजूला बरोबर नाव, सही, आजची तारीख.
दोन संध्याकाळी रेघा मारत बसले.
तिघांना फोन केले. एक हसली,
एकाने "बघतो" म्हणून ठेवून दिला,
तिसरा अजून उचलत नाही.

मग ते पान आलं.
अक्षर माझं नाही, नेवगी सरांचं, डावीकडे कललेलं.
माझा कॅमेरा त्या दिवशी दुरुस्तीला होता.
सरांकडे कधी नव्हताच,
एक दुर्बीण, तिचाही उजवा डोळा आंधळा.
आम्ही बांधावर बसून पोळी-भाजी खाल्ली होती
आणि मी, मला आठवतं, भाजीत मीठ नाही म्हणून कुरकुरत होते,
तेव्हा काहीतरी उडालं.
त्यांनी लिहिलंय:
"उठताना ओरडली. हिरवीच."

ऐकलं त्यांनी. मी चावत होते.
आता विचारायला सर नाहीत
आणि मोठा करायला फोटो नाही.

पट्टी पानावर ठेवली.
उचलली.
कडेला पेन्सिलीने, फार दाबून नाही,
एक प्रश्नचिन्ह काढलं.

उद्या रविवार. सुकती साडेसातला.
कॅमेरा नेईन,
पण पहिला अर्धा तास
झाकण काढणार नाही म्हणते.